अडलं कुठे? बँडसॉची दोनशे वर्षं आणि आपली कार्यशाळा



मागच्या भागात आपण लेथचा इतिहास पाहिला. त्यानंतर इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा गावोगावच्या मराठी मंडळींनी प्रश्न पाठवले आणि त्यांतले निम्मे एकाच गोष्टीबद्दल होते. कातकामासाठी बँडसॉ कोणता घ्यावा? आणि घरात आहे तो छोटा पडत असेल, तर त्यातच सुधारणा करावी की नवा आणावा?

मशीनचं नाव आणि किंमत सांगून हा प्रश्न दोन मिनिटांत संपवता येईल. पण ते उत्तर दोन वर्षांत जुनं होतं. म्हणून आज मी इतिहासाच्या वाटेनं जाणार आहे. फौजेत कोणतीही मोहीम आखण्याआधी 'अप्रिसिएशन' लिहायला शिकवतात. आपल्याला काय साधायचं आहे आणि ते कशामुळे अडलं आहे, हे आधी कागदावर मांडायचं, मग साधनं मागायची. बँडसॉच्या दोनशे वर्षांत हे यंत्र दर वेळी वेगळ्याच जागी अडलं आणि ती जागा मोकळी झाली तेव्हाच पुढे गेलं. आपल्या कार्यशाळेतलं मशीनही त्याच जागांवर अडतं, जवळजवळ त्याच क्रमानं.

यंत्र काय करतं

ज्यांनी बँडसॉ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकावर एक अशी दोन चाकं, त्यांवरून पट्ट्यासारखी फिरणारी पोलादाची बंद पट्टी आणि पट्टीच्या एका कडेला दात. खालच्या चाकाला मोटर, वरच्या चाकाला ताण देण्याचा स्क्रू. मधल्या टेबलावर लाकूड ठेवायचं, पट्टी वरून खाली जाते आणि कापते. उत्तरेत लाकडाच्या वखारीत याच्या मोठ्या भावाला 'आरा मशीन' म्हणतात.

हातकरवत अर्धा वेळ कापते आणि अर्धा वेळ रिकामी मागे येते. पट्टी सतत एकाच दिशेनं कापते. वर्तुळाकार करवतीला जाड ओंडका कापायचा तर पातं प्रचंड मोठं लागतं, आणि मोठं पातं जाडही ठेवावं लागतं. पट्टी पातळ राहूनही जाड लाकडातून जाते, वर वळणही घेते. कात्याला हेच हवं असतं. वाडग्यासाठी ओंडक्यातून गोल ठोकळा काढायचा, तोही लाकूड फारसं वाया न घालवता.

१८०८ : कल्पना तयार, पट्टी नाही

लंडनच्या विल्यम न्यूबेरीला या यंत्राचं पेटंट मिळालं ते १८०८-०९ च्या सुमारास. दोन चाकं आणि त्यांवरून फिरणारी बंद करवत ही मूळ मांडणी त्यात होती. म्हणजे कल्पनेत काही उणं नव्हतं.

त्याच काळात इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेलची यंत्रं जोरात चालली होती. नेपोलियनशी युद्ध सुरू होतं, आरमाराला दोरखंडांसाठी लाकडी कप्प्या हव्या होत्या, आणि १८०८ पर्यंत ही यंत्रं वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या बनवत होती. त्यांत वर्तुळाकार करवती होत्या. गरज, पैसा, वाफेचं इंजिन, यंत्र बनवणारे कुशल हात, सगळं हजर होतं. तरी न्यूबेरीचा बँडसॉ कागदावरच राहिला.

कारण साधं होतं. पट्टी बंद करायची तर तिची दोन टोकं जोडावी लागतात. तो सांधा बाकीच्या पट्टीइतकाच बळकट आणि तितकाच लवचीक हवा. सांधा कडक झाला तर चाकावर वाकताना तुटतो, मऊ राहिला तर ताण पडताच सुटतो. असा सांधा त्या वेळी कुणाला करता येत नव्हता.

वाकण्याचा हा भार किती असतो, याचा हिशेब आजच्या १४ इंची मशीनवर करून बघू. पट्टी सुमारे ९३.५ इंच लांब, म्हणजे पावणेआठ फुटांच्या आसपास. वेग मिनिटाला ३,००० फूट धरला तर पट्टी मिनिटात सुमारे ३८५ फेऱ्या मारते. प्रत्येक फेरीत ती दोन चाकांवर दोनदा वाकते आणि दोनदा सरळ होते. मिनिटाला ७७० वेळा, तासाला ४६,००० हून जास्त वेळा. एखादी तार हातात धरून पुढेमागे वाकवली तर किती वेळात तुटते, ते आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलं आहे. न्यूबेरीचं यंत्र तिथे अडलं.

आपल्याकडे त्याच वर्षांत काय चाललं होतं? मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया इंग्रजी आरमारासाठी मलबारच्या सागवानाची जहाजं बांधत होते. त्यांनी बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलेलं आहे. त्या काळी असे ओंडके चिरायची जुनी रीत म्हणजे मोठी करवत, एक माणूस ओंडक्यावर उभा आणि दुसरा खाली. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. दोनशे वर्षांनंतरही ते जहाज तरंगतं आहे. तेव्हा यंत्राशिवाय चांगलं काम होत नाही, असा समज कुणी करून घेऊ नये. यंत्रानं श्रम आणि लाकूड वाचतं, कसब ज्याचं त्यालाच कमवावं लागतं.

१८४६ : एका बाईनं सांधा जोडला

जवळजवळ चाळीस वर्षं गेली. १८४६ मध्ये आन पोलीन क्रेपँ या फ्रेंच बाईंनी पट्टीची टोकं जोडण्याची पद्धत शोधून तिचं पेटंट घेतलं. पुढे ते हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीनं विकत घेतले. पेरँनं या सांध्याला चांगल्या पोलादाची आणि पाणी देण्याच्या सुधारलेल्या पद्धतीची जोड दिली, आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात बँडसॉ लोकांपुढे आला. तिथून तो खऱ्या अर्थानं कारखान्यात शिरला.

अमेरिकेत मेन राज्यातल्या बेंजामिन बार्करला याआधीच, १८३६ मध्ये, बँडसॉचं पेटंट मिळालेलं होतं. यंत्र सुचलेले लोक दोन्ही खंडांत होते. पण यंत्र चाललं ते सांधा आणि पोलाद सापडल्यावर. आराखड्यावर नाव पुरुषांचं राहिलं आणि यंत्र ज्यामुळे फिरू लागलं तो सांधा देणारी बाई तळटीपेत गेली. निदान आपण तिचं नाव लक्षात ठेवू.

हा सांधा आजही तुमच्या गावात होतो. मोठ्या शहरांच्या लाकूडबाजारात पट्टीचं वेटोळं घेऊन बसलेला कारागीर असतो. तो हव्या त्या लांबीला पट्टी तोडतो, टोकं तिरपी घासून एकमेकांवर बसवतो, चांदीमिश्रित धातूनं झाळतो, मग सांधा कानशीनं सपाट करतो. काही ठिकाणी विजेच्या यंत्रावर टोकाला टोक जोडतात आणि नंतर सांधा पुन्हा हलका तापवून त्याचा कडकपणा काढतात. सांधा घेताना त्यावरून बोट फिरवून पाहा. मागची कड सरळ रेषेत हवी आणि जाडी सगळीकडे सारखी लागली पाहिजे. सांधा जाड असेल तर दर फेरीला टक-टक आवाज येतो, आणि तीच पट्टी सर्वांत आधी तुटते.

वखारीत काय बदललं

१८८० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या सॉ मिल्समध्ये बँडसॉ वर्तुळाकार करवतीची जागा घेऊ लागला. याचं कारण भुशात होतं. ओंडके चिरणारं मोठं वर्तुळाकार पातं कापताना जवळजवळ ३/८ इंच लाकडाचा भुसा करत असे. पट्टीचा काप १/८ इंचाच्या आसपास. २४ इंच जाडीच्या ओंडक्यातून एकेक इंचाच्या फळ्या काढल्या तर पहिल्या करवतीनं १७ निघतात, दुसरीनं २१. एका ओंडक्यामागे ४ फळ्यांचा फरक.

या मोठ्या मशीनवरच एक नियम रूढ झाला, तो अजूनही चालतो. पट्टीची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा फार जास्त नसावी. एक मीटरच्या चाकावर एक मिलिमीटर. लहान चाकावर जाड पट्टी चढवली तर ती जास्त तीव्र वाकते आणि लवकर थकते. वखारीतली उरलेली जाड पट्टी स्वस्तात मिळते म्हणून घरच्या मशीनवर चढवायचा मोह होतो. तो टाळा.

१४ इंची मशीन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिलवॉकीच्या डेल्टा कंपनीनं घरगुती कार्यशाळेला परवडेल असा १४ इंची चाकांचा, बिडाच्या सांगाड्याचा बँडसॉ काढला. त्याची रचना इतकी रुळली की पुढे तैवानात त्याच धर्तीची मशीन बनू लागली, आणि आज जगभर मिळणाऱ्या १४ इंची मशीनपैकी बरीच त्याच घराण्यातली आहेत.

सुताराला हे मशीन पुरलं, पण कात्याला ते उंचीत अडलं. टेबलापासून वरच्या गाइडपर्यंत साधारण ६ इंचच लाकूड मावतं. फळीला ६ इंच खूप झाले, वाडग्याच्या ठोकळ्याला नाहीत. म्हणून बिडाचा सांगाडा मधे खोलून त्यात ६ इंचांचा ठोकळा बसवण्याची युक्ती आली. त्याला 'रायझर ब्लॉक' म्हणतात. उंची १२ इंच होते, पट्टी ९३.५ ऐवजी १०५ इंचांची लागते. युरोपात पोलादी पत्रा जोडून केलेल्या सांगाड्याची मशीन रूढ झाली. त्यांत उंची मुळातच जास्त आणि सांगाडा ताणाला अधिक कणखर असतो.

तुमचं मशीन कुठे अडलंय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सुधारणा करायची ती इतिहासाच्या क्रमानं करा.

पहिली पट्टी. मशीन वाकडं कापतं, अडतं, धूर काढतं अशा तक्रारी बहुतेक वेळा पट्टीच्याच असतात. मशीनसोबत येणारी पट्टी अनेकदा बारीक दातांची असते. ६ इंच जाड ओल्या लाकडात ती घातली की भुशाला दातांमधल्या खोबणीत जागा उरत नाही, भुसा तिथेच दबतो, पट्टी तापते आणि रेघ सोडून भरकटते. जाड, ओल्या लाकडाला इंचाला ३ किंवा ४ दात पुरतात. रुंदीचं गणित वळणाशी आहे. पाव इंची पट्टी सुमारे ५/८ इंच त्रिज्येचं वळण घेते, ३/८ इंची सुमारे दीड इंचाचं, अर्धा इंची अडीच इंचाचं. ८ इंच व्यासाच्या वाडग्याची त्रिज्या ४ इंच, म्हणजे अर्धा इंची पट्टी सहज फिरते. रुंद पट्टी सरळही नीट चालते, म्हणून वळणाला पुरेल त्यातली रुंद पट्टी घ्या.

दुसरा ताण. १४ इंची बिडाच्या मशीनवर पाऊण इंची पट्टी बसते, पण सांगाडा आणि स्प्रिंग तिला पुरतं ताणू शकत नाहीत. पुऱ्या ताणातली अर्धा इंची पट्टी अर्धवट ताणलेल्या पाऊण इंचीपेक्षा चांगलं काम देते. जुनी दबलेली स्प्रिंग बदलणं ही स्वस्तातली सुधारणा आहे. काम संपलं की ताण सैल करा, पट्टी आणि चाकावरचं रबर दोन्ही टिकतात.

तिसरी चाकं आणि गाइड. चाकावरचं रबर कडक झालं, फाटलं किंवा त्यावर डिंक-भुशाचा थर बसला, तर पट्टी पुढेमागे सरकते. ते साफ करा, गरज पडल्यास बदला. गाइड पट्टीच्या दोन्ही बाजूंना कागदाच्या जाडीएवढी फट ठेवून लावा आणि दातांच्या मागेच ठेवा. मागची बेअरिंग मशीन रिकामं चालताना पट्टीला टेकता कामा नये.

चौथी मोटर. इथे आपल्या देशाची एक खास गोष्ट आहे. अमेरिकन रचनेचं मशीन ६० हर्ट्झच्या विजेसाठी, मिनिटाला सुमारे १,७२५ फेऱ्यांच्या मोटरवर बेतलेलं असतं. आपली वीज ५० हर्ट्झची, मोटर सुमारे १,४४० फेऱ्यांची. पुली तीच ठेवली तर ३,००० फुटांचा वेग २,५०० वर येतो. मोटर दुबळी आहे असं वाटून नवी घेण्याआधी मोटरवरची पुली त्या प्रमाणात मोठी करून पाहा.

उंची पाचवी. रायझर ब्लॉक बसवायचा तर वरच्या चारही गोष्टी आधी नीट असल्या पाहिजेत. १२ इंच जाड लाकडाला साधारण दीड ते दोन अश्वशक्तीची मोटर हवी. उंची दुप्पट केली आणि मोटर, स्प्रिंग, पट्टी जुनीच ठेवली, तर फक्त अडण्याची जागा बदलते. ही सगळी बेरीज नव्या पोलादी सांगाड्याच्या मशीनजवळ जात असेल तर सरळ नवं घ्या. नेहमीचं काम ६ इंचांच्या आतलं असेल तर काहीच घेऊ नका. चन्नपट्टण आणि एटिकोप्पाका इथली लाखकामाची खेळणी काळ्या कुड्याच्या बारीक लाकडातून कातली जातात. तसल्या कामाला मोठा बँडसॉ लागतच नाही.

बोटांबद्दलही बोलायला हवं. कात्याला बँडसॉवर सर्वांत मोठा धोका गोल लाकडाचा आहे. गोल फांदी आडवी धरून कापायला गेलात तर दात तिला पकडून झटक्यानं फिरवतात आणि हात सोबत ओढला जातो. गोल लाकूड नेहमी व्ही आकाराच्या खाचेत पक्कं बसवून कापा. ओंडका आधी मधोमध चिरा, सपाट बाजू टेबलावर ठेवा, वर पुठ्ठ्याचं गोल माप खिळ्यानं ठोका, मग वळण कापा. वरचं गाइड लाकडापासून पाव इंचावर आणा. हातमोजे घालू नका. पट्टी तुटली तर बटण बंद करा आणि चाकं पूर्ण थांबेपर्यंत दार उघडू नका.

शेवटची अडण्याची जागा

आतापर्यंत यंत्राची गोष्ट झाली. पण आपल्या देशात बँडसॉ शेवटी जिथे अडला ती जागा यंत्रात नाही, जंगलात आहे.

अंदमानात चॅथम बेटावर १८८३ मध्ये सरकारी सॉ मिल उभी राहिली. आताच्या श्री विजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला गेलात तर ती जरूर पाहा. १९४२ मध्ये पडलेल्या जपानी बाँबचा खड्डाही आवारात दाखवतात. तिथून पुढच्या शंभर वर्षांत पट्टीची करवत स्वस्त झाली, वीज गावोगाव पोचली आणि रस्तोरस्ती वखारी झाल्या. ४ फळ्या वाचवणाऱ्या यंत्रानं झाडं वाचली नाहीत, कापण्याचा वेग मात्र वाढला.

१२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला. अरुणाचल प्रदेशातल्या तिरप आणि चांगलांग भागांतल्या, आणि त्या राज्याच्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतल्या आसामातल्या सॉ मिल, व्हिनिअर आणि प्लायवुडच्या गिरण्या ताबडतोब बंद. त्यानंतरच्या वर्षांत मी त्या भागात होतो. रस्त्याकडेला ओळीनं बंद शेड, पावसात काळे पडलेले ओंडके, आणि चहाच्या टपरीवर बसलेले मजूर. त्यांतल्या कुणी जंगल विकलं नव्हतं, रोजी मात्र त्यांची गेली. जंगल वाचायला हवं होतं, याबद्दलही माझ्या मनात शंका नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मशीन घेताना दोन्ही लक्षात असाव्यात.

ऑक्टोबर २००२ मध्ये न्यायालयानं नव्या सॉ मिलना केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीची अट घातली. २०१६ मध्ये केंद्रानं लाकूडआधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि राज्यपातळीवर समित्या आल्या. आपली छंदाची कार्यशाळा म्हणजे सॉ मिल नव्हे, असं आपल्याला वाटतं. पण राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत आणि विजेवर लाकूड चिरणं हाच त्यांचा विषय आहे. म्हणून मोठं मशीन घेण्याआधी आपल्या वनविभागाच्या कार्यालयात लेखी विचारा. लाकूड घेताना पावती घ्या. खाजगी जागेतलं झाड असलं तरी तोडायची आणि वाहून न्यायची परवानगी लागते का, ते पाहा.

मी देहरादूनला राहतो. इथे वादळानंतर आणि छाटणीच्या दिवसांत लिची, आंबा, तूण यांच्या फांद्या पडतात आणि त्यांतल्या बऱ्याच चुलीत जातात. तुमच्या गावात शिरीष असेल, फणस असेल, चिंच असेल. मशीनचा आकार त्या लाकडावरून ठरवा. वर्षभर रीतसर मिळणारं लाकूड ८ इंचांचं असेल तर १२ इंचांच्या उंचीचं मशीन घेऊन तुम्ही मोठे ओंडके शोधत फिराल, आणि ते कुठून येतात हे विचारायचं टाळाल.

तेव्हा दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या. कोणतं लाकूड मिळतं, किती जाडीचं, त्यातून काय कातायचं, आणि आज काम नेमकं कुठे अडतं, हे चार ओळींत लिहा. बऱ्याच जणांच्या बाबतीत चौथ्या ओळीचं उत्तर एक नवी पट्टी हेच निघेल.

पुढच्या भागात पटाशी आणि गाऊजच्या धारेबद्दल बोलू. तोवर काम जपून करा.

जय हिंद.